बेसमध्ये हाकणारा नसतो

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते घोडेगावच्या पेठेत रंगाच्या दुकानात बसणाऱ्या मॅडमचे. आईवडिलांचे उपकार मोजायचे नसतात, म्हणून त्यांना यातून वगळतो. मॅडम आधी आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि जून आला की पुन्हा बोलावतात की नाही याची वाट बघत बसायचं. एका जूनमध्ये त्यांना बोलावलं नाही. मग त्या सासरच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागल्या. त्यांचं सासर म्हणजे राजस्थानातून कधीकाळी इकडे आलेलं जैन कुटुंब. आता घरात सगळे मराठीच बोलतात.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आज हे सरळ लिहिता येतं. पण एका पावसाळ्यात हे कधी होणारच नाही अशी माझी खात्री झाली होती. बीएस्सीचा एकच पेपर राहिला होता आणि त्यात मी दोनदा नापास झालो होतो. चाकणच्या एका कारखान्यात सर्किट तपासायच्या कामावर मला शिकाऊ म्हणून घ्यायला तयार होते, पण पास झाल्याचा निकाल दाखवल्यावर. आणि दिवाळीनंतर आमची मेंढरं कोकणात उतरतात, त्यांच्याबरोबर दुसरा माणूस हवा होता. पास झालो तर चाकण, नाही तर कोकण. असा साधा हिशोब होता.

आमचं घर खोडदच्या शिवारात आहे. दारातून रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसतात. जोराचा वारा सुटला की तबकड्या तोंड आभाळाकडे करून उभ्या राहतात, आणि तेव्हा वडील मेंढरं आडोशाला वळवायला निघतात. आमच्या मेंढपाळांतल्या बहुतेकांनी मेंढरं मोडून शेती धरली. वडिलांनी दोन्ही ठेवलं. थोरला भाऊ त्यांच्या जोडीला असतो.

मेंढरं कशी चालतात हे मी चालायला शिकायच्या आधीपासून बघतोय. ओढा आला की पुढचं मेंढरू थबकतं, पाण्यात पाय घालत नाही. मग वडील मागून आवाज देतात, भाऊ पुढच्याचा कान धरून त्याला पाण्यातून ओढतो, मागची पुढच्यांना रेटतात, आणि एकदाचा कळप पलीकडे जातो. हाकल्याशिवाय काही हलत नाही हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते मला दिसत होतं.

दहावीपर्यंत मी गावच्या शाळेत मराठीतून शिकलो. अकरावीला विज्ञान इंग्रजीत आलं आणि मी समजून घ्यायचं सोडून पाठ करायला लागलो. पाठांतर मला जमायचं, अगदी स्वल्पविरामासकट. बीएस्सीला डायोडचा धडाही असाच पाठ केला. सरळ बायस दिला, म्हणजे बॅटरी सरळ जोडली, की करंट जातो, उलटा दिला की जात नाही. त्याच्या पुढचाच धडा ट्रान्झिस्टरचा. त्यात तीन थर. एका कडेला एमिटर, मध्ये पातळसा बेस, दुसऱ्या कडेला कलेक्टर. थर तीन म्हणून त्यांचे सांधे दोन. पहिल्या सांध्याला सरळ बायस द्यायचा, दुसऱ्याला उलटा. आणि पुस्तक म्हणत होतं की एमिटरमधून निघालेले इलेक्ट्रॉन बेस ओलांडून थेट कलेक्टरमध्ये जातात.

मागच्या धड्यात उलट्या बायसचं जे दार बंद म्हणून पाठ केलं, त्याच दारातून या धड्यात सगळे इलेक्ट्रॉन बाहेर पडत होते, आणि वर्गात त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण विचारायचं कसं? प्रश्न इंग्रजीत मांडता येत नव्हता आणि मराठीत विचारला तर अडाण्यासारखा वाटला असता. मग मी माझ्यापुरता मार्ग काढला. दार बंद असेल तर मागून रेटा पाहिजे. बेसला जो छोटासा करंट देतात तोच हा रेटा देत असणार. बेस म्हणजे राखणदार. तो इलेक्ट्रॉनना मागून हाकतो आणि ते बंद दारातून पार होतात. हे मला इतकं पटलं की दोन्ही वेळा पेपरात मी तेच लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आकृती काढून.

दुसऱ्या वेळी प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "बेसमध्ये इलेक्ट्रॉन पुढे का जातात?"

"सर, बेस करंट त्यांना पुश करतो."

"कसा करतो? त्याच्या हातात काठी असते का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर काठीची गोष्ट मला बरोबर वाटली होती.

त्या निकालानंतर वडील ओट्यावर बसून म्हणाले, "आता बास झालं. आमी काय तुला आडवलं न्हाई. पर दोन टायमाला जे जमलं न्हाई ते तिसऱ्या टायमाला कसं जमंल?"

भाऊ म्हणाला, "एकदा बसू द्या त्याला आणखी. परीक्षा दिवाळीच्या आदीच हाय."

"बसू दे की. पर घाट उतरायच्या आत पास झाला तर माघारी, न्हाई तर आपल्याबरं खाली. मग पावसाच्या तोंडालाच वर यायचं."

भाऊ मेंढरं कोंडायला उठला. म्हणजे ते ठरलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. सकाळी मेंढरं घेऊन जायचं, सोबत पुस्तक. आकृतीत एमिटरपासून कलेक्टरपर्यंत एक जाड बाण होता आणि त्यातून एक बारीक बाण बेसकडे वळलेला. मी त्या बाणाकडे बघत राहायचो. तो बाण मला काही सांगत नव्हता. गावात कोणी भेटलं की विचारायचं, "काय राव, झालं का शिक्षान?" 'होतंय' म्हणायचं आणि पुढे जायचं. पुढे पुढे मी रस्ताच बदलला, तेव्हा त्या रस्त्यावर दुसरं कोणीतरी विचारायला लागलं. पुस्तकातून बाहेर पडायची वाट नव्हती आणि गावातून तर नव्हतीच.

मॅडम घोडेगावला असतात हे मला एका वर्गमित्राकडून कळलं. खोडदहून नारायणगाव, मग मंचर, मग घोडेगाव, असा एसटीने गेलो. दुकान अरुंद आणि खोल. पुढे रस्ता, मागच्या भिंतीत वर एक्झॉस्ट पंखा, त्याच्या पलीकडे बोळ. गल्ल्यावर मॅडमचे सासरे बसले होते. सगळे त्यांना शेठ म्हणतात.

"बोला पावणं, काय देऊ?"

मॅडम आत डबे लावत होत्या. मला एकदम सांगता येईना. "मेंढरांना खूण करायचा रंग पाहिजे. लाल."

"लाल हाय. पण ऑइलपेंट लावू नका बरं का. लोकर कातरताना कातरणारा तुमच्या सात पिढ्या काढील."

मॅडमनी वळून पाहिलं. "अरे, तू खोडदचा ना? लाल रंग न्यायला घोडेगावपर्यंत आलास? नारायणगावातली दुकानं बंद पडली का?"

"सूनबाई," शेठ म्हणाले, "आलेलं गिऱ्हाईक असं पळवून लावायचं नसतं."

मग मात्र मी सगळं सांगितलं. दोनदा नापास, चाकण, कोकण, सगळं. मॅडमनी स्टूल पुढे सरकवलं आणि जुन्या शेडकार्डाची मागची कोरी बाजू माझ्यापुढे ठेवली.

"सांग. ट्रान्झिस्टर कसा चालतो?"

"बेस करंट इलेक्ट्रॉनला ढकलतो..."

"थांब. कोण ढकलतं?"

"बेस."

"बेस पॉझिटिव्ह आहे, इलेक्ट्रॉन निगेटिव्ह. मग ढकलेल की ओढेल?"

"ओढेल."

"ओढून घेतला तर तो बेसच्याच तारेतून बाहेर जायला हवा. तो पलीकडे कलेक्टरला का जातो?"

इतके दिवस मी ज्या राखणदाराच्या भरवशावर होतो, तो उलट्या बाजूला तोंड करून उभा होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"घरी जा," मॅडम म्हणाल्या. "ढकलणं आणि ओढणं हे दोन्ही शब्द न वापरता एक पान लिहून आण."

"आणि रंग?" शेठनी विचारलं. रंग घेऊन मी घरी आलो.

ते पान मला लिहिता आलं नाही. पहिलं वाक्यच होईना. 'इलेक्ट्रॉन' लिहिलं की पुढे कोणीतरी त्याला हाकायला यायचंच. इंग्रजीत लिहिलं तरी तेच. एकदा मी चिडून पुस्तक मेंढरांच्या पाठीमागे फेकलं आणि मग ते कोणी खाऊ नये म्हणून पळत जाऊन उचलून आणलं.

परीक्षा जवळ आली तसा मी पुन्हा घोडेगावला गेलो. त्या दिवशी बंद आहे हे मला तिथे उतरल्यावर कळलं. तालुक्यात बिबट्याने पुन्हा एका माणसावर हल्ला केला होता आणि लोक रस्त्यावर आले होते. आमच्याकडे उसात बिबट्या असणं नवं नाही. हल्ली तर दिवसाउजेडी शेतावर जातानाही दोघांनी मिळून जायचं असा रिवाज पडला आहे. मी पेठेत शिरलो तेव्हा मोर्चाच्या घोषणा जवळ येत होत्या आणि शेठ शटर ओढत होते.

"या मास्तर, आत या लवकर. आज तुमच्याबिगर गिऱ्हाईक न्हाई."

मी आत आल्यावर त्यांनी शटर खाली घेतलं, फक्त वीतभर फट ठेवली. वीज सकाळपासून नव्हती. वरचा पंखा बंद, मागचा एक्झॉस्ट बंद. शटरच्या फटीतून येणारा उजेड फरशीवर पडला होता. गल्ल्यामागच्या फोटोपुढे उदबत्ती जळत होती. बाहेर लोक 'पिंजरे लावा, पिंजरे लावा' म्हणत होते आणि आम्ही तिघं आत कोंडून बसलो होतो. एसट्या बंद, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मला कुठे जाता येणार नव्हतं.

"पान आणलंस?" मॅडमनी विचारलं.

"नाही जमलं. हाकल्याशिवाय ते जाईलच कसं, मॅडम? वडील म्हणतात..."

"वडील ट्रान्झिस्टरबद्दल काय म्हणतात?"

"ते मेंढरांबद्दल म्हणतात."

शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळीवरून थिनरची बाटली काढली आणि बुचाला हात घातला.

"अगं अगं, आधी उदबत्ती!" शेठ उठले आणि त्यांनी उदबत्ती चिमटीत विझवली. "दुकान पेटवायचा विचार हाय का?"

मॅडमनी बाटली शटरपाशी जमिनीवर ठेवली आणि बूच उघडलं. मला म्हणाल्या, "तू मागे जा. एक्झॉस्टच्या खाली बस."

मी मागे जाऊन डिस्टेंपरच्या डब्यावर बसलो.

"पंखा चालू आहे?"

"नाही."

"वारा?"

"शटर खाली आहे, वारा कुठून येणार?"

"वास आला की सांग."

शेठ म्हणाले, "वास मला आलाय. उडून चाललाय माझा माल."

थोड्या वेळाने मलाही वास आला. आधी शंका वाटण्याइतका, मग चांगलाच. "आला," मी म्हणालो.

"कोणी हाकला?"

मी बाटलीकडे बघितलं. तिच्यामागे कोणी नव्हतं.

"ऐक," मॅडम म्हणाल्या. आता त्यांचा आवाज वर्गातला झाला. "त्या वासाच्या कणांना तू तिथे बसलायस हे माहीत नाही. कोणताही कण तुझ्याकडे यायला निघालेला नाही. जो तो मनाला येईल तसा धडपडतोय, पुढे, मागे, आडवा. पण बाटलीपाशी दाटी आहे आणि तुझ्यापाशी मोकळं. दाटीतून मोकळ्याकडे पुष्कळ येतात. मोकळ्यातून दाटीकडे परत जायला मुळात तिथे आहेतच किती? म्हणून एकूण हिशोब तुझ्या बाजूला सरकतो. बेसमध्ये हेच होतं. हाकणारा कोणी नसतो. एमिटरच्या कडेला दाटी, कलेक्टरच्या कडेला मोकळं, एवढंच."

"मग बॅटरी काय करते?"

"बूच काढते. एमिटरमध्ये इलेक्ट्रॉनची दाटी आधीपासूनच भरून ठेवलेली असते. त्यांच्यापुढे एक उंबरा असतो. सरळ बायस दिला की तो उंबरा खाली होतो. पुढचं आपोआप."

शेठनी रुमाल नाकाला लावला होता. "निम्मं थिनर माझ्या नाकात गेलं, त्याचं काय?"

"पप्पा, तुम्ही बरोबर बोललात," मॅडम म्हणाल्या, आणि आता त्या हसल्या. "वाटेत काही कण पप्पांच्या नाकात जातात, काही भिंतीच्या चुन्यात. तसंच बेसमध्ये पोकळ्या असतात, त्यांना आपण होल म्हणतो. जाता जाता थोडे इलेक्ट्रॉन त्या पोकळ्यांत पडतात आणि तिथेच संपतात. जेवढ्या पोकळ्या अशा बुजतात, तेवढ्या बेसला बाहेरून पुन्हा आणाव्या लागतात. बेस करंट मुख्यतः तोच. थोड्या पोकळ्या उलट एमिटरकडेही निसटतात, तेही पेपरात लिही. पण तू ज्याला राखणदार समजत होतास, तो हरवलेल्यांची भरपाई करणारा आहे. म्हणून तर तो इतका लहान असतो. बेस पातळ ठेवतात, पोकळ्याही बेताच्या ठेवतात, कारण वाट जितकी थोडी तितके हरवतात कमी."

मी ऐकत होतो, पण माझं डोकं ठणकायला लागलं होतं. वास आता दुकानभर सारखाच झाला होता. पुढे काय, मागे काय.

"मॅडम, डोकं दुखतंय."

"दुखणारच. पलीकडून बाहेर पडायला वाट नाही, आत सगळीकडे दाटी. याला सॅच्युरेशन म्हणतात. व्याख्या पाठ आहे ना?"

"पाठ आहे."

"कळली का?"

"आता कळली."

शेठ म्हणाले, "मलापण कळली. बूच लावा." पण मॅडमनी बूच लावलं नाही. त्या कशाची तरी वाट बघत होत्या असं आता वाटतं, पण बहुधा तसं नसेल. वीज कधी येईल हे आमच्याकडे कोणालाच सांगता येत नाही.

ती आली तेव्हा माझ्या डोक्यावरचा एक्झॉस्ट खडखडत सुरू झाला. गल्ल्यावरचा पंखा शेठ लावायला गेले तर मॅडमनी त्यांना हाताने थांबवलं.

"आता बघ. बोळातली धूळ आत येतेय का?"

"नाही."

"पंखा तिला आत येऊ देत नाही. हा झाला उलटा बायस. डायोडच्या धड्यात तू बोळात उभा राहून याच्याकडे बघत होतास. तिथून दार बंदच दिसणार. पण आतून जो कण फिरत फिरत पंख्याच्या तोंडाशी पोहोचला, त्याचं काय होतं?"

"त्याला उचलून बाहेर नेतो."

"ढकलणं असेल तर ते एवढंच, कलेक्टरच्या सांध्यापाशी. मधल्या वाटेत नाही. बरं, आता तू सांग. दार जर आतल्यासाठी उघडं आहे, तर मग उलट्या बायसच्या डायोडमधून करंट का जात नाही?"

हा तोच प्रश्न होता ज्याच्यापाशी मी अडकलो होतो, फक्त त्यांनी तो दुसऱ्या बाजूने विचारला होता. मी वर फिरणाऱ्या पात्यांकडे बघितलं. मग शटरपाशीच्या बाटलीकडे बघितलं.

"तिथे बाटलीच उघडलेली नसते," मी म्हणालो. "पंखा चालू असतो, पण आत न्यायला काही नसतं."

मॅडमनी जाऊन बाटलीला बूच लावलं.

मला त्या क्षणी आनंद झाला असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. मला आधी राग आला. दोन वर्षं मी एका चुकीच्या काठीच्या मागे चालत होतो, आणि ती काठी माझ्या हातात कोणी दिली नव्हती, मीच घरून आणली होती. मग हळूहळू डोक्यातला ठणका कमी झाला आणि मोकळं वाटलं. त्यात थिनरचा वास जाण्याचा भाग किती आणि समजण्याचा भाग किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी विचारलं, "मॅडम, तुम्ही पुन्हा कॉलेजात येणार नाही का?"

"बोलावलं तर येईन."

शेठ म्हणाले, "न्हाई बोलावलं तर आपलं दुकान हायेच की. काय कमी हाय इथं?" ते मायेने बोलले होते. मॅडमनी मान हलवली आणि त्या डबे नीट लावू लागल्या, जे आधीच नीट लावलेले होते. बाहेर मोर्चा पुढे गेला होता, पण शटर अजून खालीच होतं.

त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवतात. मलाही ताट वाढलं. जेवताना मॅडम म्हणाल्या, "पेपरात थिनर लिहू नकोस हं. परीक्षक आमच्या दुकानात आलेला नाही."

तोंडी परीक्षेला या वेळी दुसरे सर होते. त्यांनी विचारलं, "कलेक्टरचा व्होल्टेज दुप्पट केला तर करंट दुप्पट होईल का?" मी म्हणालो, "नाही सर. तो जेवढे येऊन पोहोचतील तेवढेच नेणार. किती येतील ते एमिटरच्या सांध्यावर ठरतं. थोडा फरक पडतो, कारण बेसची वाट जराशी आखूड होते." सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. मला ते चांगलं लक्षण वाटलं.

पण लेखी पेपरात घोळ झाला. ट्रान्झिस्टरचा प्रश्न आला आणि मी लिहितच गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मला पाठ नसलेलं लिहिता येत होतं. एकेक इलेक्ट्रॉन उंबऱ्यावरून बेसमध्ये, बेसमधून पलीकडे. मान वर केली तेव्हा वेळ संपत आली होती आणि शेवटचे प्रश्न कोरे होते. वर्गाबाहेर आल्यावर पोरं उत्तरं जुळवत होती. मी तिथे थांबलो नाही. ज्या धड्याने मला दोनदा पाडलं, तो या वेळी समजल्यामुळे पाडतो की काय असं वाटत होतं.

निकाल लांबला. दिवाळी झाली, मेंढरं निघाली, मी त्यांच्याबरोबर निघालो. घोड्यावर बिऱ्हाड, मागे कळप, जुन्नरच्या पुढे डोंगराच्या अंगाला. घाटाच्या माथ्यावर, घाटघरला आम्ही तळ टाकला. वडिलांनी तिथे नेहमीपेक्षा जास्त मुक्काम केला. म्हणाले, चारा बरा हाय. चारा कुठल्याही वर्षी असतो तसाच होता.

घाटघरला मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही. वरच्या उतारावर एका दगडाजवळ थोडी मिळायची. मी दिवसातून कितीदा तरी तिथे जायचो. निकालाचं पान उघडायला घेतलं की पडद्यावर चक्र गोल गोल फिरत राहायचं. पुढे कडा होता आणि कड्याखाली कोकण दिसत होतं, धुरकट, सपाट. तिकडे गेलो की पाऊस येईपर्यंत वर यायचं नव्हतं, आणि तोवर चाकणची जागा राहणार नव्हती.

वडील एकदा माझ्यामागे वर आले. "आजून फिरतंय का ते?"

"फिरतंय."

"उद्या तळ हालवायचा." त्यांनी खाली तळाकडे बघितलं. "तू बस हितंच. मेंढरं आमी बघतो."

मी बसून राहिलो. ऊन कलायला लागलं तेव्हा चक्र थांबलं. दुसऱ्या दिवशी जुन्नरहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरजवळ मी एक पत्र दिलं आणि जुन्नरला पेटीत टाकायला सांगितलं. मॅडमचा फोन दुकानातच गल्ल्यावर असतो आणि आलेला मेसेज शेठ मोठ्याने वाचतात, म्हणून कागदावर लिहिलं. ते असं होतं.

मॅडम,

नमस्कार. घाटघरच्या तळावरून लिहितोय, कागदाला चिखल लागला तर माफ करा.

मी पास झालो. अगदी काठावर झालो. शेवटचे प्रश्न लिहायचे राहून गेले होते, त्यामुळे एक गुण इकडे तिकडे झाला असता तर हे पत्र लिहिलं नसतं. पण ट्रान्झिस्टरच्या प्रश्नात ढकलणं हा शब्द एकदाही लिहिलेला नाही. हे तुम्हाला सांगायचंच होतं.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते 'बरं' म्हणाले. मग भावाला म्हणाले, "आता आपल्याला दुसरा माणूस बघाया पायजे." मला वाईट वाटलं. भावाने माझ्या पाठीवर थाप मारली, पण मेंढरं उतरवताना एकटा त्याचा जीव मेटाकुटीला येणार हे मला माहीत आहे. म्हणून मी आज घाट उतरून त्यांना खालच्या पहिल्या मुक्कामापर्यंत पोहोचवतो आणि मग वर येऊन चाकणला जातो. तेवढा वेळ आहे, मी विचारून घेतलंय.

चाकणला गेल्यावर मी दिवसभर सर्किट तपासणार. आतून इलेक्ट्रॉन कसे जातात हे तिथे बहुधा कोणी विचारणार नाही. पण मला माहीत असेल. तुम्ही नसतात तर मी आज दगडावर बसून काय बघत असतो, ते लिहीत नाही.

मॅडम, तुम्ही पुन्हा शिकवावं असं मला फार वाटतं. कॉलेजने बोलावलं नाही तरी. आमच्या गावात अकरावी-बारावीची पोरं आहेत, खोडदला रविवारी शाळेची खोली मिळते, मी सरांशी बोललोय. तुम्हाला न विचारता बोललो, रागावू नका. शेठना काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही, ते तुम्ही बघा.

आईने आपल्याच लोकरीचं एक घोंगडं तुमच्यासाठी बाजूला काढलं आहे. नवं आहे, पहिले काही दिवस अंगाला टोचेल. उन्हात टाकून झटकलं की मऊ पडतं. पोहोचवायला मी येईन.

आपला विद्यार्थी
मुक्काम घाटघर